रचून ठेवलेले आठ कप

मुलुंडची खोली मार्चअखेर रिकामी झाली आणि नलिनी तावडेच्या आयुष्यात, त्रेसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदाच लपवाछपवी सुरू झाली.

खोली तिच्या नवऱ्याने घेतलेली. गिरणीचा संप झाल्यावर चंद्रप्रकाश मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात लागला. तिथल्याच एका मित्राच्या ओळखीने मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याने ही जागा घेऊन ठेवली. एक खोली आणि स्वयंपाकघर. पुढेमागे आपण दोघं तिकडे राहायला जाऊ, असं तो म्हणायचा. पण घाटकोपरला भटवाडीच्या घरात सासू-सासरे होते, दोन दीर होते, मग मुलाचं शिक्षण आलं. जाणं काही झालं नाही. बावीस वर्षं तिथे भाडेकरूच राहिले. चंद्रप्रकाशला जाऊनही आता सहा वर्षं होत आली होती आणि नलिनी घाटकोपरला पंतनगरात मुलगा देवेश, सून श्वेता आणि अकरा वर्षांची नात मानसी यांच्यासोबत राहत होती.

भाडेकरू गेल्यावर देवेशने किल्ली तिच्या हातात दिली. "आई, अकराला रंगारी येईल. तू फक्त दार उघडून दे. मग एजंटला सांगतो, मेमध्ये दुसरं कोणीतरी बघेल तो."

रंगारी आलाच नाही. नलिनी फरशीवर वर्तमानपत्र अंथरून वाट बघत बसली. खिडकीतून डोंगर दिसत होता, उन्हाने तपकिरी झालेला. खालच्या मजल्यावर कोणीतरी मिक्सर लावला आणि बंद केला. पाचदहा मिनिटांनी तिला सवयीने वाटलं, आपण काहीतरी विसरलोय. कुकर, दूध, मानसीची बस. मग लक्षात आलं, इथे विसरण्यासारखं काहीच नाही. ती हाताची उशी करून तशीच आडवी झाली. जाग आली तेव्हा अडीच वाजले होते.

"रंगारी नाही आला," तिने घरी येऊन सांगितलं. "परत जावं लागेल."

रंगारी पुढच्या आठवड्यात आला आणि दोन दिवसांत काम उरकून गेलासुद्धा. नलिनीचं जाणं मात्र थांबलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तिचे गुडघ्यांचे व्यायाम असायचे, स्टेशनजवळच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात. तिने ते सोडले आणि त्या दोन दिवशी सकाळीच मुलुंडला जायला लागली. आधी एक चटई नेली. मग विजेची छोटी शेगडी, एक टोप, एक मग. जुना रेडिओ घरात माळ्यावर पडला होता, तो पिशवीत घालून नेला. एजंट श्यामसुंदर कोणाला जागा दाखवायची म्हणून फोन करायचा, तर ती सांगायची, रंग अजून सुकला नाही.

एकटी अशी ती कधी राहिलीच नव्हती. लहानपणी लालबागच्या चाळीत एका खोलीत नऊ माणसं. लग्नानंतर भटवाडीत सात. बाळंतपणाला गेली तर वॉर्डात अठरा खाटा. आता देवेशकडे दोन बेडरूम होत्या, पण ती मानसीबरोबर झोपायची आणि मानसी झोपेत बडबडायची. हे सगळं तिला कधी खुपलं नव्हतं. पण मुलुंडच्या त्या चटईवर पडलं की छातीत काहीतरी सैल व्हायचं, आणि संध्याकाळी घरी परतताना पाय जड व्हायचे.

कोणाला सांगणार? घरात भांडण असतं तर सांगता आलं असतं. भांडण नव्हतं. सून चांगली होती, मुलगा विचारपूस करायचा. तरी आपल्याला वेगळं राहावंसं वाटतं म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघडलंय, असं तिला वाटायला लागलं.

गावी असती तर तिने देवीला कौल लावला असता. पण कौल लावायचा म्हणजे आता गावी असणाऱ्या थोरल्या दिराला फोन करायचा, त्याने गुरवाला सांगायचं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळायचं की चंद्रप्रकाशच्या बायकोला मुलाकडे राहायचं नाही. त्यापेक्षा अगदी परक्याला विचारलेलं बरं. हास्य क्लबातली तिची मैत्रीण नीलम मधूनमधून वाकोल्याला एका बाईकडे जायची, पत्ते काढून घ्यायला.

"ज्युलिया नाव तिचं," नीलमने सांगितलं. "ख्रिश्चन आहे, पण घरात मराठीच. टॅरो काढते. घाबरवत बिबरवत नाही गं, झकास बोलते. पण तुला कशाला पाहिजे?"

"गुडघ्याचं विचारायचंय," नलिनी म्हणाली.

एप्रिलअखेरच्या एका दुपारी ती रिक्षाने वाकोल्याला गेली. गावठाणातलं कौलारू घर, ओट्यावर बॉटल मसाल्याच्या मिरच्या वाळत घातलेल्या. आत पाऊल टाकेपर्यंत तिला चार शिंका आल्या.

"सगळ्यांना येतात," ज्युलिया मिरांडा म्हणाली. साठीला टेकलेली, फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली जाडसर बाई. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि टेबलावरचं मेणकापड पुसलं. विमानतळाजवळच्या एका हॉटेलात ती सव्वीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. नोकरी गेल्यावर घरी बसून वेड लागायची पाळी आली, तेव्हा भाची किम्बर्लीने तिला हे पत्ते आणून दिले होते.

"आमच्या फादरना आवडत नाही," ती पत्ते पिसता पिसता म्हणाली. "मी त्यांना म्हटलं, फादर, मी कुठे भविष्य सांगते, मी चित्रं दाखवते. तरी नाही आवडलं. बरं, प्रश्न मनात ठेवलात तरी चालेल. पण बोललात तर सोपं जाईल. इथलं बोलणं इथेच राहतं. सव्वीस वर्षं लोकांचे फोन जोडले मी, पण एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही."

नलिनीने खोलीबद्दल सांगितलं. चटई, शेगडी, रेडिओ, सगळं. एवढं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. शेवटी म्हणाली, "जावं की नको, तेवढं सांगा. उजवा की डावा."

"बाय, हा कौल नाही. यात उजवं-डावं नसतं. तुम्ही पाच पत्ते काढा."

नलिनीने काढले. ज्युलियाने एक मध्ये ठेवला, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक खाली, एक वर. "मधला आजचा. डावीकडचा मागे काय झालं त्याचा. खालचा मुळाशी काय आहे त्याचा. उजवीकडे पुढचं, आणि वर, काय करावं ते. आता मी बोलायच्या आधी तुम्ही बोला. काय दिसतंय?"

डावीकडच्या पत्त्यावर एक माणूस दहा काठ्यांची मोळी उचलून वाकून चालला होता. नलिनीने नुसती मान हलवली. ते ओझं तिच्या ओळखीचं होतं. मधल्या पत्त्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेली एक बाई छातीशी दोन तलवारींची फुली करून बसली होती.

"हिचे हात दुखत असतील," नलिनी म्हणाली.

"किती दिवस बसलीय?"

"महिना झाला," नलिनी म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

खालचा पत्ता तिने हातात घेतला. द्राक्षाच्या मांडवात एक बाई उभी होती, भरजरी झगा घातलेली, हातावर पक्षी. आजूबाजूला कोणी नाही.

"हिच्या घरात कोणी नाही?"

"चित्रात तरी नाही."

"आणि ही खूश आहे."

"तुम्हांला तशी वाटते?"

"आहेच," नलिनी ठासून म्हणाली.

उजवीकडच्या पत्त्यावर लाल कपड्यातला एक माणूस पाठ करून, काठी टेकत डोंगराकडे निघाला होता. पुढे आठ कप होते, खाली पाच, वर तीन. नलिनीने चष्मा नीट केला.

"याने सगळी भांडी घासून, रचून ठेवलीत आणि मग निघालाय," ती म्हणाली. "डोंगराकडे."

ज्युलियाला हसू आलं. पाच वर्षं ती हे पत्ते काढत होती. या पत्त्यावर लोक रडायचे, नवरा सोडून जाणार का विचारायचे. भांडी घासून ठेवली आहेत असं कोणी म्हटलं नव्हतं.

"आणि हा वरचा," ती म्हणाली. "राणी. एका हातात तलवार सरळ धरलीय. दुसरा हात बघा."

"पुढे केलाय. कोणाला तरी काहीतरी सांगतेय."

"मग?"

"मग काय, सांगायला पाहिजे," नलिनी म्हणाली. तोंड मात्र तिने असं केलं, की जणू डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलंय.

सांगणं तिच्याच्याने झालं नाही. एप्रिल गेला, मे गेला. देवेश जेवताना खोलीचा विषय काढायचा आणि ती ताटात बघायची. आज सांगू, उद्या सांगू करत तिने मुलुंडला एक प्लॅस्टिकची खुर्ची मात्र नेली.

श्वेताला पहिली शंका एजंटच्या फोनमुळे आली. "मॅडम, दोन पार्ट्या परत गेल्या. तुमच्या सासूबाई म्हणतात रंग सुकला नाही. दोन-दोन महिने कुठला रंग सुकतो, सांगा ना." त्याच आठवड्यात ती ऑफिसातून लवकर सुटली आणि सासूला घ्यायला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तावडे आजी एप्रिलपासून येत नाहीत.

त्या रात्री श्वेता देवेशला काही बोलली नाही. बोलली असती तर त्याने तिथेच आईला हाक मारली असती. तिने आठवून बघितलं. किल्ल्यांच्या फळीवरची मुलुंडची किल्ली मंगळवारी आणि शुक्रवारी नसते. आई हल्ली कमी बोलतात. एप्रिलमध्ये मानसीच्या परीक्षेवरून आपण जरा आवाज चढवला होता. आईंना नव्हता चढवला, पण त्या तिथेच होत्या. त्यांना लागलं असेल. रागावून त्या तिकडे जाऊन बसत असतील, एकट्या, रिकाम्या खोलीत, फरशीवर. ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि तिला झोपच लागेना.

दुसऱ्या दिवशी हास्य क्लबच्या बाहेर तिने नीलमला गाठलं. नीलमच्या पोटात काही राहत नाही. तिने गुडघ्याचं आणि वाकोल्याचं सांगून टाकलं.

म्हणून जूनच्या पहिल्या शनिवारी श्वेता ज्युलियाच्या दारात उभी होती.

"आंटी, माझ्या सासूबाई तुमच्याकडे आल्या होत्या. नलिनी तावडे. त्यांनी काय विचारलं ते मला सांगा. प्लीज."

"माझ्याकडे कोण येतं, कोण नाही, ते मी सांगत नाही," ज्युलिया म्हणाली.

"त्या आमच्यावर रागावल्यात का, एवढंच सांगा."

"तेही नाही. आत ये, उन्हात उभी राहू नकोस."

श्वेता आत आली आणि खुर्चीवर बसता बसता रडायलाच लागली. ज्युलियाने तिला रडू दिलं. ही पोरगी जे विचारत होती त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं आणि दोन वाक्यांत देता आलं असतं. पण दिलेला शब्द तिला मोडायचा नव्हता. तिने पत्ते उचलले.

"दुसऱ्याचं मी बोलणार नाही. तुझे हवे तर काढू. तीन काढ."

पहिल्या पत्त्यावर बिछान्यात उठून बसलेली, तोंड हातांत लपवलेली बाई निघाली. "ही मीच," श्वेता नाक पुसत म्हणाली. "तीन रात्री हेच चाललंय."

दुसरा पत्ता उलटला आणि ज्युलिया क्षणभर थांबली. आठ कप आणि पाठमोरा माणूस. कधी कधी असं होतं. त्याचं तिने कधी काही मानलं नव्हतं, पण अंगावर काटा आला तो आलाच.

"बघा!" श्वेताचा आवाज फुटला. "निघून चाललाय. सगळं टाकून, चिडून."

"चिडून? तोंड दिसतं का त्याचं?"

"नाही. पण पाठ फिरवलीय ना."

"पाठ सगळेच फिरवतात, दुकानात जाणारासुद्धा. कप बघ. पडलेत का?"

श्वेताने पत्ता जवळ घेतला. "नाही. रचलेत."

"फुटलेत?"

"नाही. नीट ठेवलेत, एकावर एक."

"तुझ्या घरात कोणी चिडून निघालं तर भांडी रचून जाईल का?"

श्वेता पत्त्याकडे बघत राहिली. तिची सासू रोज सकाळी ओट्यावरची भांडी अशीच रचायची, मोठी खाली, लहान वर, आणि मग फडका पिळून दांडीवर टाकायची. काल, परवा, दर मंगळवारी, दर शुक्रवारी. रागावलेलं माणूस असं करत नाही.

"मग का जातं माणूस?" तिने विचारलं.

"ते त्या माणसालाच विचारायचं. पत्त्याला नाही, मला नाही." ज्युलियाने तिसरा पत्ता उलटला. चार उंच काठ्या, त्यांना फुलांच्या माळा, आणि खाली हात वर करून नाचणारी दोन माणसं.

श्वेताचे डोळे विस्फारले. "हा मांडव आहे. लग्न? आंटी, कोणाचं लग्न?" आणि तिच्या डोक्यात भलताच प्रकाश पडला. "आई लग्न करतायत?"

ज्युलिया खो-खो हसत सुटली. "अगं बाय माझी! मांडव काय फक्त लग्नाला घालतात? घरात काही चांगलं झालं की घालतात. जा तू आता. ज्याला विचारायचं त्याला विचार."

पण श्वेताच्या डोक्यात शिरलं ते शिरलं. मंगळवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाराच्या सुमाराला मुलुंडच्या त्या इमारतीचा जिना चढायला लागली. पहिल्या मजल्यापासून सुकटीचा वास येत होता. दुसऱ्या मजल्यावर दाराआड रेडिओ चालू होता आणि कोणीतरी त्याच्याबरोबर गुणगुणत होतं. तिने बेल दाबली.

नलिनीने दार उघडलं. अंगात गाऊन, हातात उलथणं. सुनेला बघून तिचा चेहरा उतरला.

"तू?"

श्वेता आत आली. तिची नजर आधी दाराशी गेली, तिथे एकच चपलांचा जोड होता. मग स्वयंपाकघराकडे, मग बाथरूमच्या दाराकडे.

"काय शोधतेस?"

"कोणी... कोणी आहे का इथे?"

"कोण असणार?"

"मला वाटलं," श्वेता चाचरत म्हणाली, "की तुमचं कोणाशी... म्हणजे लग्नबिग्न..."

नलिनीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती उलथण्यासकट खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगो बाय माझे! एक निस्तरला तोच खूप झाला!"

श्वेतालाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिने खोलीभर पाहिलं. चटई, एक उशी, खिडकीत रेडिओ, शेगडीवर कांदा-सुकट, बाजूला एकच ताट, एकच मग. हे रागावून बसायला आलेल्या माणसाचं घर नव्हतं. इथे कोणीतरी सुखात होतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

"मग माझं काय चुकलं, आई?"

"काही नाही गं."

"असं कसं? काहीतरी कमी पडलं असेल ना."

"कमी काहीच नाही. म्हणून तर सांगता येत नव्हतं." नलिनीने शेगडी बंद केली. "तू छळलं असतंस तर चारचौघांत सांगून बाहेर पडले असते. तू चांगली. देवेश चांगला. मग मी कुठल्या तोंडाने सांगू की मला एकटीला राहायचंय? श्वेता, मी त्रेसष्ट वर्षांची झाले आणि मला अजून माहीत नाही, कोणी नसताना मी किती वाजता उठते. मला भूक कधी लागते तेही माहीत नाही. बाकीच्यांना लागली की मला लागते."

श्वेता चटईवर बसली. खिडकीतून वारा येत होता.

"मला वाईट वाटतंय," श्वेता म्हणाली. "खोटं नाही बोलत. मला तुमची सवय आहे."

"मलाही वाईट वाटतंय. पण तरी हवंय."

"घरी सुकट का नाही करत?"

"मानसीला वास सोसत नाही ना."

"मला आवडते," श्वेता म्हणाली. "द्या थोडी."

ताट एकच होतं. मग नलिनीने टोपाच्या झाकणात स्वतःला वाढून घेतलं.

देवेशला सांगायचं रविवारी ठरलं, मटणाचं जेवण झाल्यावर, तो पोटभर जेवून बसलेला असताना. तरी तो भडकलाच.

"एकटी? आई, डोकं फिरलंय का तुझं? लोक काय म्हणतील? म्हातारीला घराबाहेर काढली म्हणतील. श्वेताचं नाव खराब होईल."

"होऊ दे," श्वेता म्हणाली.

"तू गप्प बस. तिला काही झालं तिकडे तर?"

"काय व्हायचं असेल ते इथेही होईल, रे," नलिनी म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. "मी तुला विचारत नाही देवेश, सांगतेय. तुझ्या बाबांनी ती खोली आम्हां दोघांना राहायला घेतली होती. ते राहिले नाहीत. मी राहणार. श्यामसुंदरला सांगून टाक, रंग सुकला, पण जागा द्यायची नाही."

मानसीने मध्येच विचारलं, "मग आजी, आपल्या खोलीत मी एकटी झोपणार?" आणि तिच्या आवाजातला आनंद लपला नाही. श्वेताने तिला डोळ्यांनी दटावलं. नलिनी मात्र हसली. तिला एकटीलाच जागा हवी होती असं नाही तर.

चार दिवस देवेश आईशी धड बोलला नाही. पाचव्या दिवशी ऑफिसातून परतताना तो परस्पर मुलुंडला गेला, बाथरूमचा नळ बदलून आला, खिडकीला डासांची जाळी बसवून आला, आणि एक किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली. घरी येऊन म्हणाला, "तिकडे गीझर नाही. लावून घेतो. आणि रोज सकाळी साडेसातला फोन करायचा. एक दिवस चुकला तरी मी तुला परत घेऊन येणार."

"करते," नलिनी म्हणाली.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती राहायला गेली. पहिले तीन दिवस तिला करमलं नाही, हे तिने कोणाला सांगितलं नाही. सवयीने भात जास्त व्हायचा. चौथ्या दिवशी तिने अर्धी वाटी तांदूळ घेतले आणि ते बरोबर पुरले. शेजारच्या गुजराती बाई जिन्यात भेटल्या, त्यांनी विचारलं, "अकेले रहते हो?" ती "हां, अकेली" म्हणाली आणि पायऱ्या उतरताना ते तिने मनाशी मराठीतही म्हणून बघितलं. गुडघ्यांचे व्यायाम तिने पुन्हा सुरू केले, या वेळी खरोखरच. रविवारी तिघं जेवायला आली. श्वेताने येताना तीन ताटं आणली आणि जाताना तिथेच ठेवून गेली.

रोज सकाळी साडेसातला फोन होत होता. नवव्या दिवशी झाला नाही.

पावणेआठला देवेशने फोन केला. घंटी वाजत राहिली. आठला श्वेताने केला. सव्वाआठला दोघांनी आळीपाळीने केला. साडेआठला देवेश हेल्मेटचा पट्टा न लावताच बाइकवर बसला. घाटकोपर ते मुलुंड त्याने कसं अंतर काटलं ते त्याचं त्यालाच माहीत. जिना चढतानाच त्याने किल्ली हातात घेतली होती, पण कुलूप उघडूनही दार हललं नाही, आतून कडी होती. मग त्याने दार बडवायला सुरुवात केली.

"आई! आई!"

आतून पावलं ऐकू आली. दार उघडलं. नलिनी समोर उभी होती, केस मोकळे, गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटलेली.

"काय रे? आज सुट्टी?"

देवेशने दाराची चौकट धरली. "फोन," तो म्हणाला. "फोन का नाही उचलत?"

"स्वयंपाकघरात असेल, चार्जिंगला. किती वाजले?"

"नऊ वाजून गेले!"

"नऊ?" नलिनीने खिडकीकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, डोंगर हिरवागार दिसत होता. "नऊपर्यंत झोपले मी?" ती एकदम लहान मुलीसारखी हसली. "अरे, मी नऊपर्यंत झोपले!"

देवेश खुर्चीत बसला. आयुष्यात त्याने आईला झोपलेली पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो उठायचा तेव्हा ती उठलेली असायची, तो झोपायचा तेव्हा ती ओटा पुसत असायची. मोकळ्या केसांत ती कशी दिसते हेही त्याला माहीत नव्हतं. त्याने श्वेताला फोन लावला.

"झोपली होती," तो म्हणाला.

पलीकडून श्वेता आधी रडल्यासारखं आणि मग हसल्यासारखं काहीतरी बोलली. त्याला नीट कळलं नाही.

"घेऊन येणार का मला परत?" नलिनीने केस बांधता बांधता विचारलं.

"साडेसात लवकर होतात," देवेश म्हणाला. "तू दहाला करत जा फोन."

त्याने ऑफिसला कळवलं की उशीर होईल. नलिनीने चहाचं आधण ठेवलं आणि सवयीने विचारलं, "काय खाशील? पोहे करू? घावणे घालू?"

"तू काय खाणार होतीस?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता.

"कालचा भात उरलाय. फोडणी देऊन."

"मग तोच दे," देवेश म्हणाला, आणि हेल्मेट खाली ठेवून त्याने खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली.